नवी गाडी ताब्यात घेण्याआधी: एका रंगाऱ्याची तपासणी

मी गाड्यांचा रंगारी. ठोकलेल्या, घासलेल्या, फाटकात अडकलेल्या गाड्या बॉडी शॉपमध्ये नीट करून देण्यात माझी उमर गेली. त्यातल्या काही गाड्यांच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसायचं. ट्रेलरवरून उतरवताना घासलेल्या, यार्डात मागे घेताना खांबाला लागलेल्या. आम्ही त्यांचा दरवाजा नाहीतर फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, रंगवून द्यायचो आणि त्या नव्या म्हणून विकल्या जायच्या. दर वेळी त्यामागे लबाडीच असते असं मी म्हणणार नाही. कारखान्यातून गिऱ्हाईकापर्यंत येताना गाडी ट्रेलर, कधी जहाज किंवा रेल्वे, मग एकदोन यार्डं आणि शेवटी शोरूमचं वॉशिंग अशी फिरते. प्रत्येक ठिकाणी वेगळा ड्रायव्हर, वेगळी घाई. मीटरवरचा छोटा आकडा गाडी किती धावली तेवढंच सांगतो. तिला कुणाचा हात लागला ते गाडीच्या अंगावर वाचावं लागतं.

ओळखीत कुणी गाडी घेतली की मला फोन येतो, "काका, जरा बघायला येता का?" जातो मी. पण पहिला प्रश्न विचारतो तो पैशाचा. सगळे पैसे भरले का? गाडी नावावर चढली का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर माझ्या जाण्याचा उपयोग निम्मा झाला. नावावर चढण्याआधी दोष सापडला तर 'ही नको, दुसरी दाखवा' एवढं म्हणून मोकळं होता येतं. नावावर चढल्यावर त्याच दोषाला 'करून देतो साहेब' असं उत्तर मिळतं, आणि करून देणारा कुणीतरी माझ्यासारखाच असतो. म्हणून बुकिंग करतानाच लेखी ठरवून घ्या: गाडी आली की आधी दाखवायची, मग उरलेले पैसे आणि कागद.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. गाडीला पॉलिश मारू नका, नुसती धुवा आणि कोरडी करून ठेवा. पॉलिशचं तेल बारीक ओरखड्यांत बसतं आणि ते दिसेनासे होतात. दोनचार वेळा गाडी धुतली की पुन्हा वर येतात. पाण्याचंही तसंच आहे. ओल्या गाडीवर काही दिसत नाही. संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात गाडी दाखवायला बोलावलं तर 'उद्या सकाळी येतो' म्हणा. मला सकाळचं तिरपं ऊन आवडतं. डोक्यावरच्या उन्हात मेटॅलिक रंग इतका चमकतो की डोळा फसतो.

पोचल्यावर लगेच रंगाकडे धावू नका. आधी ही गाडी तुमचीच आहे ना ते पाहा. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. बिलावरचा नंबर, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातली पट्टी, दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या गाडीच्या खांबावरचं लेबल आणि पत्र्यावर कोरलेला नंबर, जे जे तुमच्या गाडीवर असेल ते अक्षर अन् अक्षर जुळवा. बऱ्याच कंपन्या दहाव्या अक्षरात मॉडेलचं वर्ष घालतात: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. सगळ्या कंपन्या हा नियम पाळत नाहीत, त्यामुळे खांबावरच्या लेबलवर बनल्याचा महिना-वर्ष छापलेलं असेल तर ते जास्त भरवशाचं. वर्षभर यार्डात उभी राहिलेली गाडी वाईटच असते असं नाही. पण तिची किंमत ताज्या गाडीएवढी द्यायची का, हे आकडा डोळ्यांसमोर असताना ठरवावं.

आता माझा विषय. रंग.

गाडीपासून आठदहा पावलं मागे जा आणि एक पूर्ण चक्कर मारा. जवळून काही बघू नका. शेजारशेजारच्या दोन पॅनेलांची छटा एक आहे का, एवढंच लांबून बघायचं. दरवाजा आणि फेंडर, फेंडर आणि बोनेट, मागचा दरवाजा आणि मागची बाजू. दोन्ही पॅनेलं पत्र्याची असून त्यांत फरक दिसला तर तिथे नीट बघायची खूण मनात करून ठेवा. बंपरची गोष्ट वेगळी. बंपर प्लास्टिकचा, बहुतेकदा वेगळा रंगून येतो. त्यावर मेटॅलिकचे कण वेगळे बसतात, त्यामुळे बंपर किंचित फिकट किंवा गडद दिसणं कोऱ्या गाडीतही चालतं. बंपरच्या छटेवरून शोरूममध्ये भांडण काढणारे बघितले की मला हसू येतं. शेजारचा रंगवलेला दरवाजा त्यांनी बघितलेलाच नसतो.

मग जवळ या आणि खाली बसा. डोळा पॅनेलच्या पातळीत आणा आणि पत्र्यावर पडलेलं एखाद्या सरळ गोष्टीचं प्रतिबिंब शोधा: छताची कड, ट्यूबलाइट, वायर. मान हळूहळू पुढेमागे करा. पत्रा नीट असेल तर ती रेघ सरळ किंवा एकसारखी वळत सरकते. जिथे ती थरथरते, चिमटल्यासारखी होते, तिथे डेंट आहे किंवा डेंट काढून भरलेला आहे. पत्र्याकडे समोरून बघत राहिलात तर छोटा डेंट समोर असून दिसणार नाही. प्रतिबिंबात तो लपत नाही.

रंगाचा पोतही बघा. क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड असते, तिला आम्ही ऑरेंज पील म्हणतो. ती कारखान्यातल्या रंगातही असते आणि दोष नाही. पण ती सगळीकडे एकाच जातीची हवी. डावा दरवाजा सालीसारखा आणि उजवा आरशासारखा गुळगुळीत असेल, तर त्या गुळगुळीत दरवाज्यावर कुणीतरी सँडपेपर मारून पॉलिश केलंय. क्लिअरखाली अडकलेले धुळीचे कण, कडेला गोठलेला ओघळ, एकाच दिशेचे सँडिंगचे बारीक व्रण, हे दिसलं की मला तर त्या माणसाची घाईसुद्धा दिसते.

कारखान्यात नुसता पत्र्याचा सांगाडा रंगवतात. त्यात काच, रबर, वायर काही नसतं, त्यामुळे रंग साधारण १४० अंशांपर्यंत भाजता येतो. तयार गाडीला तेवढी उष्णता दिली तर रबर आणि प्लास्टिक खराब होईल. आमच्या बूथमध्ये, म्हणजे रंगाच्या बंद खोलीत, म्हणून दुसऱ्या जातीचा रंग वापरून ६० अंशांच्या आसपास वाळवतात. चांगल्या हातचं काम वर्षानुवर्षं टिकतं, पण ते मूळचं काम नव्हे. आणि तयार गाडी रंगवायची तर काचा, रबर, दिवे टेपने झाकावे लागतात. खूण राहते ती नेमकी तिथेच. दरवाजा उघडा, रबर बीडिंग बोटाने हलकेच उलटं करा. त्याखाली रंगाची एक बारीक पायरी नखाला लागते का? रबरवर, चाकाच्या आतल्या प्लास्टिकवर, दिव्याच्या कडेवर रंगाचे धुळीएवढे तुषार बसलेत का? त्याला आम्ही ओव्हरस्प्रे म्हणतो, आणि तो पूर्ण पुसणारा कारागीर मी फार क्वचित पाहिला.

आता बोल्ट. बोनेटच्या बिजागऱ्या, फेंडर, डिकी, दरवाजे. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालाय का, पान्याची धार लागल्याची खूण आहे का? इथे एक गंमत आहे, आणि ती माहीत नसलेले लोक उगाच घाबरतात. काही कारखान्यांत रंग झाल्यावर दरवाजे काढून आतलं काम करतात आणि पुन्हा बसवतात. पॅनेलची फट जुळवतानाही बोल्ट सैल करतात. म्हणजे पान्याची खूण एवढ्यावर निकाल देता येत नाही. डावी आणि उजवी बाजू ताडून बघा. दोन्हीकडे सारखीच खूण असेल तर ती कारखान्याची सवय. एकीकडेच असेल तर प्रश्न विचारा. पॅनेलमधल्या फटींनाही हीच रीत: डावीकडे जेवढी, उजवीकडे तेवढी, आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर घेऊन जा. कारखान्याचा सगळा थर मिळून साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नेमक्या आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. सगळी गाडी ११०–१२० दाखवते आणि एकटा फेंडर २६०, तर तो पुन्हा रंगवलाय. काटा हजारापलीकडे गेला तर खाली पुट्टी, म्हणजे डेंट भरायचा लेप, आहे. साधं चुंबकीय मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं. अॅल्युमिनियमच्या बोनेटला दोन्ही धातू ओळखणारं मीटर लागतं, आणि प्लास्टिकच्या बंपरवर ही मीटरं काहीच सांगत नाहीत.

एक युक्ती फुकटची. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि बोनेट, टप, डिकी यांवरून हलका हात फिरवा. उघड्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून कळते. रेल्वेने आलेल्या किंवा रुळाजवळ उभ्या राहिलेल्या गाडीवर लोखंडाचे बारीक कण रुततात आणि पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके दिसतात. ते योग्य रसायनाने निघतात, त्यासाठी गाडी नाकारायचं कारण नाही. फक्त ते काढून देण्याचं लिहून घ्या, आणि फडक्याने घासू देऊ नका.

ओरखडा दिसला तर त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर तो क्लिअरच्या वरवरचा, हलक्या पॉलिशने जातो. नख अडकलं तर पॉलिशने जाणार नाही. क्लिअरचा थर चाळीसेक मायक्रॉनचा, त्यातला किती घासणार? शोरूमवाला 'बफिंगने जाईल' म्हणाला तर नख फिरवून दाखवा आणि गप्प उभे राहा.

काचांवर कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा कोड असतो. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि जवळपास एकाच काळातल्या असाव्यात. एकच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. पुढच्या काचेवर खड्याचा टवका आहे का, ते आतून आणि बाहेरून दोन्हीकडून बघा. हेडलाइटमध्ये हलकं धुकं येऊन जाऊ शकतं. पाण्याचे थेंब साचलेले मात्र चालणार नाहीत.

टायर बघायला लोक विसरतात, कारण काळे गोल सगळे सारखेच दिसतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे ४ आकडे शोधा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. कोड कधी आतल्या बाजूला असतो, तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन वाका. टायर गाडीच्या आधीचे असणारच, थोडेफार महिने. गाडीच्या नंतरच्या तारखेचा एखादा असेल तर तो बदललाय. चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आहेत का, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढच्या दिशेने आहे का, ते बघा. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका. धुतल्यावर किंवा उभं राहिल्यावर तो येतो आणि चारदोन ब्रेकमध्ये जातो. रिमच्या कडा मात्र हाताने चाचपा, फुटपाथला लागलेल्या असतात. ट्रेलरवर पट्टे बांधतात ते चाकांना किंवा खालच्या हुकाला. म्हणून खाली डोकावून हुकाची जागा वाकलेली नाही ना, तेही बघा.

बोनेटखाली मी फार वेळ घालवत नाही. कूलंट थंड इंजिनावर दोन रेघांच्या मध्ये, ऑइल आणि ब्रेक ऑइल पातळीत, कुठे ओल किंवा गळती नाही, वायर कुरतडलेली नाही. यार्डात उंदरांना नव्या गाड्या फार आवडतात. बॅटरीला मात्र पाच मिनिटं द्या. लांब उभ्या गाडीची बॅटरी आधी मरते, आणि मग शोरूमवाले जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज जोडून, गाडी चालू करून ठेवतात. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर, चालू करण्याआधी व्होल्टेज मोजा. भरलेली साधी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२.४ ला ती पाऊण, १२ च्या खाली ती उपाशी. शिसाची बॅटरी बराच काळ उपाशी राहिली की तिची ताकद कायमची घटते, नंतर कितीही चार्ज केली तरी. अशी दिसली तर बदलूनच मागा. विजेच्या गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय बहुधा ही छोटी असतेच, तिलाही हेच लागू. आणि विजेची गाडी तिथेच, तुमच्यासमोर, तुम्हाला मिळणाऱ्या केबलनेच चार्जिंगला लावून बघा.

आत बसण्याआधी मॅट उचला, गालिच्यावर तळवा दाबा. डिकीतली स्टेपनीची जागा उघडून तळाशी बोट फिरवा. ओल, बारीक माती, सीटच्या रुळांवर गंज, कुबट वास आणि तो झाकायला मारलेला भरमसाट सुगंध, यातलं काही आढळलं तर बाकीची तपासणी करूच नका, गाडी नको म्हणा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पाणी शिरलेल्या गाडीत पट्ट्यावर मातीची रेघ आत गुंडाळलेली राहते. एवढ्या लांब कुणी धूत नाही.

मग किल्ली. इंजिन चालू न करता इग्निशन दिलं की एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), इंजिन हे इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत, आणि नंतर विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर तो न विझण्याइतकाच वाईट. बाकी बटणं सगळी दाबा: काचा, आरसे, वायपर, हॉर्न, कॅमेरा, चारही दरवाज्यांचं लॉक, दोन्ही किल्ल्या. एसी दहा मिनिटं चालू ठेवा. यात लांबण लावण्यासारखं काही नाही, फक्त एकही बटण सोडायचं नाही.

मीटरवर किती किलोमीटर चालतात, असं सगळे विचारतात. ठरीव आकडा नाही. ट्रेलरवर चढणं-उतरणं, यार्डातली ने-आण यांत थोडे होतात. शंभरापलीकडे असतील तर गाडी दुसऱ्या यार्डातून चालवत आणली का, कुणाला टेस्टला दिली का, ते स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून मागा. तोंडी उत्तर चटकन येतं. लिहायला सांगितलं की आवाज बदलतो.

छोटी चक्कर नक्की मारा. सपाट सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ असताना गाडी सरळ जाते का? ब्रेकला एका बाजूला ओढते का? चढावर हँडब्रेक धरतो का? खूप दिवस एका जागी उभ्या गाडीत सुरुवातीला चाकाची थरथर जाणवते, टायर खालून जरा चपटे झालेले असतात. टायर गरम झाल्यावर ती गेली पाहिजे. तेवढ्यात गेली नाही तर सह्या थांबवा.

जे सापडेल त्याचे फोटो काढा, एक जवळून, एक लांबून, आणि एक चेसिस नंबरचा. मग डिलिव्हरीच्या कागदावर लिहा: कोणतं पॅनेल, काय दोष, कधीपर्यंत, कोण करणार, खाली त्यांची सही. 'किरकोळ काम बाकी' असलं मोघम वाक्य चालवून घेऊ नका. माझा हिशोब विचाराल तर असा: बंपरला ओरखडा असेल तर घ्या, करून मागा. दरवाजा रंगवलेला असेल, काम चांगलं असेल आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं असेल, तर किमतीवर बोला. छप्पर, खांब किंवा मागच्या बाजूचा वेल्ड केलेला पत्रा रंगवलेला असेल, कुठेही पुट्टी असेल, तर दुसरी गाडी मागा. तो पत्रा बोल्टने निघत नाही, म्हणजे तिथे रंगापेक्षा मोठं काहीतरी झालेलं असू शकतं. आणि 'संध्याकाळपर्यंत रंगवून देतो' याला कधीच हो म्हणू नका. चांगल्या कामाला घाई चालत नाही, हे मी रंगाच्या खोलीत उभं राहून शिकलोय.

सगळं पटलं, सही केली, तर निघण्याआधी स्टेपनी, जॅक, पाना, ओढायचा हुक, पुस्तिका आणि व्हील लॉक असेल तर त्याची चावी गाडीत आहे ना बघा. टायरची हवा खांबावरच्या लेबलप्रमाणे करून घ्या. वाहतुकीत टायर चपटे होऊ नयेत म्हणून ती जास्त भरलेली असते आणि बरेचदा तशीच राहते. टाकीत थेंबभरच इंधन असतं, तेव्हा पहिला थांबा तोच. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो आणि ब्रेक अजून बसलेले नसतात. पहिले काहीशे किलोमीटर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.